गाड्या शालनच्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मी बॅटरी धरली आणि शालननं एका खेळण्यातल्या गाडीचं चाक बसवलं. रविवार होता, दिवेलागणीची वेळ. गाडी बोटाएवढी, चाक वाटाण्याएवढं. ती खिडकीपाशी मांडी घालून बसलेली, हातात चिमटा, आणि मी वाकून उजेड पाडत होतो. माझी कंबर दुखत होती आणि मी तसं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बॅटरीच धरलीय न्हवं? छत न्हाई धरलं."

चाक बसलं. तिनं गाडी फरशीवर ठेवून एका बोटानं ढकलली. ती सरळ गेली आणि कपाटाला धडकून थांबली. मग आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. पिठल्यात मीठ कमी होतं, तेही मी सांगितलं.

गाड्यांबद्दल लिहून द्या असं मला गाड्या जमवणाऱ्या पोरांनी सांगितलंय. ते एक पुस्तक काढतायत. म्हणाले, काका, तुमच्या गाड्यांबद्दल दोन-चार पानं द्या, सुचेल तसं लिहा, आम्ही नीट करून घेऊ. माझं शिक्षण सातवी, तीही रडतखडत. लिहायला बसलो ते एवढं सांगायला की गाड्या माझ्या नव्हत्या. त्यातली एकही नाही. हे मी तोंडानं सांगायला पाहिजे होतं, ती जिवंत असताना. तेव्हा सांगितलं नाही. आता पोरांनी ह्यात काही नीट करू नये, आहे तसं छापावं.

गाड्या शालनच्या होत्या. शालन म्हणजे माझी बायको. आम्ही लातूरकडचे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी इकडं आलो आणि काळेवाडीत भाड्याच्या खोलीत राहिलो, पुढं त्याच गल्लीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं घर घेतलं. मी भोसरीत प्रेस शॉपला होतो, पत्रा दाबायच्या मशीनवर. ती चाकणच्या अलीकडं एका कास्टिंगच्या कंपनीत लागली आणि तिथं तिनं बावीस वर्षं एकच काम केलं. साच्यातून भाग निघाला की दोन साच्यांच्या सांध्यावर धातूची पातळ धारदार कड राहते. तिला बर म्हणतात. ती कानशीनं काढायची. भाग बदलले, साहेब बदलले, पत्र्याच्या शेडची बिल्डिंग झाली, शालन बर काढत राहिली.

त्यामुळं तिला एक खोड लागली होती. कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवायची. कुकरचं झाकण, दाराची कडी, बसमधला दांडा, सगळ्यावरून. माझ्या पुतणीच्या लग्नात आहेर म्हणून स्टीलचं ताट मिळालं, तर मांडवातच तिनं त्यावरून अंगठा फिरवला आणि शेजारणीला म्हणाली, हे ताट जपून घासा, हात कापंल. देणारी बाई समोरच बसली होती. मी घरी येईपर्यंत तिच्याशी बोललो नाही. ती म्हणाली, "मी खोटं बोलले का? डोळ्याला दिसत न्हाई, बोटाला कळतंय. बोटानं सांगितलं ते मी सांगितलं."

त्या अंगठ्यावर रेषाच राहिल्या नव्हत्या. कंपनीत हजेरीचं मशीन आलं तेव्हा ते तिला ओळखेना. अंगठा लावला की लाल दिवा. सुपरवायझर म्हणाला, मावशी, हात धुऊन या. ती धुऊन आली. परत लाल. शेवटी तिची हजेरी वहीत घ्यायला लागले. रेशनच्या दुकानातही तेच झालं, मागं रांग खोळंबली आणि लोक कुरकुरायला लागले. ती दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, माझा अंगठा कंपनीनं ठेवून घेतलाय. तिकडनं मागवा." रांगेतले सगळे हसले. मला मात्र तेव्हाही लाज वाटली. ती चारचौघांत बोलली की मला लाज वाटायची. आता विचार केला तर त्यात लाजण्यासारखं काय होतं, ते सापडत नाही.

पहिली गाडी आली ती माझ्या बहिणीच्या नातवाला खेळणं घ्यायला गेलो तेव्हा. पिंपरीच्या बाजारात खेळण्याच्या दुकानात मी बाहेर उभा होतो, ती आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आत जाऊन बघतो तर ही एक निळी गाडी उलटी धरून तिच्या पोटावरून अंगठा फिरवतेय. दुकानदार म्हणाला, घ्यायची तर घ्या मावशी. तिचं लक्षच नव्हतं. मला म्हणाली, "हात लावून बघा. कुठंच बर लागत न्हाई. एवढ्याशा गाडीची एवढी नीट कुणी काढली असंल हो?"

गाडी मला बिघडलेली वाटली. मागची चाकं दांडगी, पुढची चिमुकली, बॉनेट कापून इंजिन वर आलेलं. मी म्हणालो, ही मोडकी आहे, दुसरी घे. तिनं नातवाला प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि गाडी स्वतःला ठेवून घेतली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलीमभाईचं गॅरेज आहे. दुचाकीची कामं करतो, पण इंजिन म्हटलं की कुठलंही चालतं त्याला. शालननं ती गाडी त्याला दाखवली. त्यानं हात पुसले, मग गाडी घेतली. म्हणाला, भाभी, ही मोडकी नाही, ही अशीच असते. अमेरिकेत जुन्या गाड्यांत असलं राक्षसी इंजिन घालतात, दोन गाड्या शेजारी शेजारी लावतात आणि सरळ सोडतात. पाव मैल. ज्याची आधी पोचली तो जिंकला. वळायचं नाही, काही नाही.

"आन थांबती कशी?" तिनं विचारलं.

"मागून छत्री उघडते. पॅराशूट. तीच खेचून धरते."

शालन माझ्याकडं बघून म्हणाली, "मागं खेचणारं आमच्याकडं हाय की." सलीमभाई इतका हसला की त्याला खाली टायरवर बसावं लागलं.

त्यानंतर तिनं दुसरं काही घेतलं नाही. बांगड्या नाहीत, हौसेची साडी नाही. ओव्हरटाइम केला की एक गाडी. पण असलीच पाहिजे, सरळ जाणारी, जुन्या वळणाची, मागं दांडगी चाकं. पहिल्या पहिल्यांदा ती गाडी गॅरेजात नेऊन सलीमभाईला दाखवायची आणि तो कुठली काय ते सांगायचा. कधी भंगारवाल्याच्या पोत्यातून चाकं निखळलेली मिळायची, ती तारेचा आस करून बसवायची. इंग्रजी तिला येत नव्हतं, म्हणून नावं तिनं आपली ठेवली. एक लांबच लांब होती, पुढं सायकलसारखी चाकं, ती लांबोडी. एक नाक वर करून उभी, ती जाऊबाई, म्हणजे माझी थोरली भावजय. एकीचं अख्खं अंग मागून वर उचलायचं आणि खाली नुसतं इंजिन आणि सांगाडा. ती डालग्यावाली, कारण डालगं उचललं की खाली कोंबडी दिसावी तसं ते दिसायचं. पाहुण्यांना ती डालगं उचलून दाखवायची.

बाहेरच्या खोलीत मी अँगलची मांडणी मारून दिली होती डब्यांसाठी. डबे आत गेले आणि मांडणीवर गाड्या आल्या. सगळ्यांची तोंडं दाराकडं. एकदा मी झाडताना दोन-तीन भिंतीकडं तोंड करून ठेवल्या, तर ती कामावरून आल्यावर चप्पल काढायच्या आधी म्हणाली, ह्यांना वळता येत न्हाई, आता त्या निघणार कशा? पंचावन्न वर्षांची बाई. दोन तास कंपनीच्या बसमध्ये उभी राहून आलेली, चौकात अडकून. रोज सांगायची, आज पाव मैलाला अर्धा तास लागला, आज त्याहून जास्त. तिनं ते पाव मैलाचं माप धरूनच ठेवलं होतं.

एक गाडी तिनं सगळ्यांच्या पुढं ठेवली होती. पिवळी. तिच्या दाराखाली बर राहिली होती, नखाला लागेल एवढी. मी म्हणालो, आण ती कानस, घालव की ती. तुझंच काम आहे. तर म्हणाली, "राहू द्या. कुणाचीतरी शिफ्ट संपत आली असंल. बस सुटंल म्हणून घाई केली असंल तिनं." 'तिनं' म्हणाली, 'त्यानं' नाही. कुठल्या देशातली कोण बाई, हिनं पाहिली होती का? पण गाड्या पुसताना ती पिवळीवरून अंगठा फिरवायची आणि एकटीच हसायची. मला ते वेड वाटायचं.

आता माझं सांगतो. आम्हाला मूल झालं नाही. दोष माझ्यात होता, डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद आम्ही दोघांनीच पाहिला. गावाकडं सगळ्यांनी तो तिच्यात धरला आणि मी धरू दिला. ती कधी बोलली नाही. भांडणातसुद्धा नाही, आणि आम्ही भांडायचो भरपूर.

एका दिवाळीला थोरला भाऊ आणि भावजय आले. भावजय मांडणीसमोर उभी राहिली, शालननं डालग्यावालीचं डालगं तिला उचलून दाखवलं, तिनं ते पाहिलं आणि स्वयंपाकघरात मला ऐकू येईल असं भावाला म्हणाली, "लेकरू न्हाई, मग काय करंल बिचारी, खेळण्यावरच भागवती." शालनच्या हातात चहाचे कप होते. तिनं ते ठेवले आणि साखर विचारली.

तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी काय केलं, तर पुढच्या खेपेला कुणी येणार म्हटलं की मांडणीवर जुनी साडी टाकायला लागलो. शालननं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती साडीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आमच्या गाड्या पडद्यात गेल्या म्हणायच्या." एवढंच. पाहुणे गेले की ती साडी घडी करून ठेवायची.

मग ते संमेलन झालं. सलीमभाईला मोबाइलवर कळलं होतं की असल्या गाड्या जमवणारी पोरं पिंपळे गुरवला एका हॉलमध्ये जमतात, टेबलं लावतात, ज्याच्या त्याच्या गाड्या मांडतात. त्यानं परस्पर एक टेबल सांगून टाकलं. शालन आठवडाभर तयारी करत होती. गाड्या एकेक करून ब्लाउजपीसमध्ये गुंडाळल्या, डब्यांत भरल्या. अंगावर जरीकाठाची साडी. मी येत नाही म्हणत होतो. ती म्हणाली, मला एकटीला तिथं कोण ओळखतंय, चला की.

तिथं सगळी कंपनीतली, कॉम्प्युटरवाली पोरं, टीशर्टात, आणि ही जरीकाठात. मी जरा लांबच उभा राहिलो, ह्या बाईशी आपला संबंध नाही असा. तिनं गाड्या मांडल्या, तोंडं दाराकडं, पिवळी पुढं. मग डब्यांची पिशवी घेऊन ती हात धुवायला गेली. तेवढ्यात निखिल नावाचा त्यांचा पुढारी टेबलापाशी आला, आणि बघतच राहिला. दुसऱ्याला हाक मारली, तिसऱ्याला मारली. दहा-बारा पोरं जमली. म्हणाला, ही तर आम्ही दोन वर्षं शोधतोय, कुणाचं आहे हे टेबल? सलीमभाईनं माझ्याकडं बोट केलं, म्हणजे ह्यांच्या घरचं, असं. निखिल माझ्याकडं वळला.

"काका, मानलं. कधीपासून जमवताय?"

मी म्हणालो, "होतील पंधरा वर्षं."

आकडा खरा होता. नंतर मी मनाला तेच सांगत राहिलो.

त्यानं नाव विचारलं, मी माझं सांगितलं, त्यानं चिठ्ठीवर लिहून टेबलाला चिकटवलं. कुणी खुर्ची आणली, कुणी चहा. आयुष्यात मला कुणी असं काही विचारलं नव्हतं. प्रेस शॉपला पस्तीस वर्षं काढली, निघताना नारळ दिला, तेवढाच मान. इथं शिकलेली पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. सलीमभाईनं शिकवलेलं ऐकून ऐकून मला पाठ झालंच होतं, ते मी बोलत सुटलो. पाव मैल, छत्री, सगळं. शालन परत आली तेव्हा मी बोलतच होतो. ती पोरांच्या मागं उभी राहिली, पिशवी पोटाशी धरून. कुणीतरी तिला म्हणालं, काकू, जरा बाजूला होता का, फोटो काढतोय. ती झाली.

मग एकानं पिवळी उचलली. नखानं बर चाचपली आणि विचारलं, काका, हा पीस खराब आहे, हा सगळ्यात पुढं का?

मला त्याचं उत्तर माहीत होतं. पण ते माझं उत्तर नव्हतं, आणि ते दिलं असतं तर पुढं सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, चुकून आली असेल. आणि पिवळी उचलून सगळ्यांच्या मागं ठेवली. शालन बघत होती.

संध्याकाळी मला प्रमाणपत्र दिलं, माझ्या नावाचं, टाळ्या वाजवून. सलीमभाई तेव्हा तिथं नव्हता, तो चहाला म्हणून गेला तो परस्पर घरी गेला होता. येताना रिक्षात शालन बाहेर बघत होती. नाशिक फाटा ओलांडला तेव्हा म्हणाली, "ती पुढची होती." नंतर ती कधी त्यावर बोलली नाही. घरी आल्यावर पिवळी परत पुढं ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी ते प्रमाणपत्र फ्रेम करून आणलं आणि मांडणीच्या वर भिंतीत स्वतःच्या हातानं खिळा मारून टांगलं. म्हणाली, तुमचं नाव छान छापलंय. टोमणा होता का खरंच म्हणाली, मला कळलं नाही. तिचं मला बरंचसं कळत नसे.

सलीमभाई मला महिनाभर कलेक्टरसाहेब म्हणत होता. तिच्यासमोर नाही, एकटा असलो की. भाऊ आला तेव्हा त्यानं फ्रेम पाहिली आणि हे कशाचं विचारलं. मी सांगितलं, कंपनीतलं आहे, चांगल्या कामाचं. मांडणीवर साडी होतीच.

म्हणजे परक्यांपुढं त्या माझ्या झाल्या, आणि आपल्यांपुढं त्या नव्हत्याच. तिच्या कधी झाल्या? आम्ही दोघं घरात असायचो तेव्हा, आणि सलीमभाईच्या गॅरेजात.

आता त्या रविवारनंतरची सकाळ. आमच्याकडं एक दिवसाआड पाणी येतं आणि तो पाण्याचा दिवस होता. नळाचा आवाज आला म्हणून मला जाग आली. शालन त्या आवाजाच्या आधीच उठलेली असायची. मी हाक मारली. मग हात लावला. ती गार होती. झोपेतच गेली, डॉक्टर नंतर म्हणाला. तोंड शांत होतं, असं सगळे म्हणतात.

शेजारी सुमन वहिनी राहतात, मधे एकच भिंत. तिथं जाऊन दार वाजवायला पाहिजे होतं. मी उठलो, पण बाहेरच्या खोलीत थांबलो. माझ्या डोक्यात आलं ते असं, की आता तिला इथं आणून ठेवतील, मांडणीच्या खाली. गल्ली येईल, गावाकडनं भाऊ-भावजय येतील, अख्खा गाव येईल. आणि वर अडतीस खेळणी. सगळे ती बघतील आणि भावजय म्हणाली तेच म्हणतील. साडी टाकून भागणार नव्हतं, बायका साडी ओढून घेतात, असल्या वेळी काही ना काही अंथरायला लागतंच. स्वयंपाकघरात गव्हाचा मोठा पत्र्याचा डबा होता, निम्मा रिकामा. मी गाड्या ओंजळी भरभरून त्यात घातल्या. जाऊबाई, लांबोडी, कुठली कुठली, मी बघितलं नाही. हातानं खाली दाबल्या, वर गहू ओढले, झाकण लावलं. आतल्या खोलीत ती तशीच पडली होती. बादली भरून पाणी मोरीतून वाहत होतं. मग मी नळ बंद केला, प्रमाणपत्र नीट लागलंय का पाहिलं, आणि सुमन वहिनींचं दार वाजवलं.

लोक आले. मी रडलो, ते खोटं नव्हतं. सलीमभाई दाराशी उभा होता, हातात चप्पल धरून. त्यानं मोकळी मांडणी पाहिली, मग मला पाहिलं, आणि खाली बघितलं.

बायकांनी तिला अंघोळ घातली, हिरवी साडी नेसवली. सवाष्ण गेली म्हणून ओटी भरायची होती. मला कुंकू लावायला आत बोलावलं. सुमन वहिनी म्हणाल्या, गहू कुठायत?

मी म्हणालो, तांदूळ घ्या.

"नाही हो भाऊजी, तुमच्याकडं गव्हानं भरतात. शालनताईच सांगायच्या." आणि त्यांनी स्वयंपाकघरातला डबा ओढत आणला, झाकण काढलं, हात घातला. हात बाहेर आला तो गाडी घेऊन. इंजिनात गहू अडकलेले. त्या ती उलटीसुलटी करून बघायला लागल्या. बाकीच्या बायकाही बघायला लागल्या.

"भाऊजी, हे कुणाचं?"

दारात सलीमभाई होता. माझ्या बोटाला कुंकू होतं. शालन समोर होती.

मी म्हणालो, "कुणाच्यातरी पोराचं राहिलं असेल."

सुमन वहिनींनी ती गाडी खिडकीत ठेवून दिली आणि परत डब्यात हात घातला. ओंजळ भरून गहू घेतले, शालनच्या पदरात घातले. दुसरी ओंजळ घेतली. तिसरी घेतली. अजून एखादी निघतेय का, म्हणून मी त्यांच्या हाताकडं बघत राहिलो. ओटी पुरी होईपर्यंत मी त्या हाताकडंच बघत होतो. शालनकडं नाही.